डोळ्यांचे पैसे

पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात, दुपारच्या जेवणानंतर गर्दी जरा ओसरलेली असताना, एका व्यापाऱ्याच्या टेबलावर पंचम जॉर्जचे दोन रुपये शेजारी शेजारी मांडलेले मी पाहत होतो. दोन्ही १९१८ सालचे, दोन्ही मुंबई टाकसाळीचे, दोन्ही नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या एकाच अमेरिकी कंपनीच्या पारदर्शक स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या डबीत, बंद, आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच दर्जा छापलेला : एमएस ६३, म्हणजे न वापरलेले नाणे आणि सत्तरच्या मापावर ६३ चा अंक. त्यांपैकी एक रुपया पांढराशुभ्र होता, त्याच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते आणि थांबून पाहावे असेही काही नव्हते. दुसऱ्याच्या कडेने मोरपिशी निळ्याची एक अरुंद पट्टी फिरली होती, तिच्या आत जांभळट छटा, आणि राजाच्या गालापर्यंत येता येता ती मधाच्या रंगात विरून गेलेली. या दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट सांगितली जात होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी भिंग खिशात ठेवून विचारले, “नंबर एकच, साल एकच, टाकसाळ एकच. मग जास्तीचे पैसे कशाचे?” व्यापारी हसून म्हणाला, “काका, डोळ्यांचे. आणि यावर स्टार बसला असता ना, तर याच्याही दुप्पट मागितले असते.” त्यावर काका तितक्याच शांतपणे म्हणाले, “डोळे माझे, आणि पैसे तुम्हाला?”

दोघेही बरोबर बोलत होते, आणि तेच मला त्रास देत राहिले.

स्टार म्हणजे एनजीसी या कंपनीचे ते छोटे चिन्ह, जे नाण्याच्या अंकापुढे छापले जाते आणि सांगते की हे नाणे त्याच्या दर्जाच्या इतर नाण्यांपेक्षा नजरेला विशेष सुखावणारे आहे. पीसीजीएस ही दुसरी मोठी कंपनी असे चिन्ह देत नाही. तिचे म्हणणे असे की ओरखडे, ठशाचा उठाव आणि लस्टर, म्हणजे टाकसाळीतली मूळ झळाळी, यांच्याबरोबर नजरेला होणारा आनंदही आम्ही अंकातच धरतो. २०१० साली दोन्ही कंपन्यांनी अधिकचे चिन्ह सुरू केले, पण ते वेगळे. ते त्या अंकाच्या वरच्या टोकाला असलेल्या नाण्याला मिळते, आणि एकाच नाण्यावर अधिक आणि स्टार ही दोन्ही चिन्हे असू शकतात. त्याआधी २००७ साली जॉन अल्बनीज यांनी सीएसी ही कंपनी काढली आणि दुसऱ्यांनी प्रतवारी केलेल्या स्लॅबवर पुन्हा स्वतःचा हिरवा किंवा सोनेरी स्टिकर लावण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे अंक पुरेसा नाही, अंकावर अधिक पुरेसा नाही, म्हणून त्यावर स्टिकर, आणि तरीही काही राहतेच म्हणून स्टार. आता आपल्याकडचेही अनेक संग्राहक इतर कंपन्यांनी असे देखणेपणाचे चिन्ह द्यावे असा आग्रह धरू लागले आहेत, कारण लिलावाच्या यादीत ते चिन्ह दिसले की बोली कुठे जाते हे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

रंगीत नाण्यांच्या या साऱ्या वेडाचे मूळ अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरमध्ये आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे नव्वद टक्के चांदीचे जडशीळ डॉलर लोकांनी फारसे वापरलेच नाहीत. ते हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांमध्ये पडून राहिले. त्या कापडात गंधकाचा अंश होता. जे डॉलर पिशवीच्या आतल्या बाजूला टेकून बसले, त्यांच्यावर गंधकाने आपले काम सावकाश केले. काहींवर तर कापडाची वीणही उमटली, आणि ज्यांच्यावर दुसरे नाणे अर्धे चढून बसले होते त्यांच्यावर चंद्रकोरीसारखी कमान राहिली. पिशवीच्या मध्यभागी असलेली नाणी मात्र पांढरीच निघाली. १९६२ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या तिजोरीतल्या पिशव्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर, जो तोवर साऱ्या मालिकेत दुर्मिळातला दुर्मिळ समजला जात होता, त्याचा भाव पाहता पाहता कोसळला. त्याच पिशव्यांतून निघालेल्या रंगीत डॉलरांना त्या काळी मात्र कुणी विशेष विचारत नव्हते. उलट कित्येक वर्षे बाजाराला नाणे पांढरे हवे होते, आणि थायोयुरिया आणि आम्ल यांच्या द्रावणात बुडवून असंख्य नाण्यांचे रंग उतरवले गेले. आज ज्या रंगाला स्टार मिळतो, तोच रंग त्या पिढीने मळ म्हणून धुऊन काढला.

आणि तो मळच आहे, एका अर्थाने. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो; त्याच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि थराच्या जाडीप्रमाणे काही रंग विझतात, काही उजळतात. आधी पिवळा, मग तांबूस किरमिजी, मग निळा, मग फिकट हिरवटसर, आणि थर वाढत राहिला तर शेवटी काळा. पावसाच्या पाण्यावर तेल सांडले की रस्त्यावर दिसते तेच भौतिकशास्त्र. त्या थराखाली जर टाकसाळीतली मूळ झळाळी शाबूत असेल, म्हणजे ठसा पडताना धातू बाहेरच्या बाजूला सरकल्याने उमटलेल्या सूक्ष्म रेषा अजून टिकून असतील, तर नाणे दिव्याखाली तिरके करून फिरवल्यावर प्रकाशाची पाती चाकाच्या आऱ्यांसारखी फिरतात आणि रंग त्यांच्याबरोबर हलतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की छायाचित्रांवरचा विश्वास उडतो. छायाचित्रात रंग एक तर दिसत नाही किंवा नको तितका दिसतो. तो रंग नाण्यावर जितका असतो, तितकाच ते नाणे धरणाऱ्या हाताच्या कोनातही असतो, आणि चिठ्ठीवरचा स्टार कोन सांगत नाही.

आमच्या घरात लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडायचे चांदीचे रुपये असत. त्यांत एक एडवर्डचा होता, दोन-तीन पंचम जॉर्जचे, आणि एक राणीछाप, ज्याच्या वरच्या कडेला कडी काढून टाकल्याचा डाग होता; तो कधी काळी कुणाच्या तरी गळ्यात होता. धनत्रयोदशीच्या आधी आजी ते रुपये रिठ्याच्या पाण्यात टाकत असे आणि मग चिमूटभर रांगोळी बोटावर घेऊन एकेक रुपया मन लावून घासत असे. रिठ्याचा तो कडवट वास आणि रांगोळीची करकर मला अजून आठवते. काळा पडलेला रुपया पूजेला चालत नसे; देवापुढे ठेवायची वस्तू लखलखीत हवी. एनजीसीने ते रुपये पाहिले असते तर अंकच दिला नसता, ‘घासलेले’ असा शेरा मारून परत पाठवले असते, आणि प्रतवारीच्या दृष्टीने तो शेरा योग्यच ठरला असता, कारण रांगोळीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर झळाळीच्या त्या सूक्ष्म रेषा जात होत्या. पण आजीच्या नजरेत देखणा रुपया तोच होता. महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या हजारो घरांत रुपये असेच घासले गेले, आणि आमच्याकडचे जुने व्यापारीही गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी नाणे उजळत, कारण गिऱ्हाईक काळे नाणे हातात धरायला तयार नसे. इंद्रधनुषी रंगाचे कौतुक आपल्याकडे अलीकडे, स्लॅबबरोबर आणि अमेरिकी लिलावांच्या चित्रांबरोबर आले. मीही त्याच कौतुकात सामील आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या आवडीचे वय एका पिढीइतकेही नाही, तिला कंपनीने कायमच्या चिठ्ठीवर छापावे का, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो.

सत्तरचा अंक कुठून आला हेही इथे आठवण्यासारखे आहे. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी हे माप काढले. त्यात सौंदर्याचा काही संबंध नव्हता; त्याला किमतीचे सूत्र हवे होते. कसेबसे ओळखू येणारे नाणे १, आणि टाकसाळीतून निर्दोष निघालेले ७०, कारण त्या काळच्या बाजारात असे नाणे साधारण सत्तरपट किमतीला जाते असे त्याचे गणित होते. ते गणित काही वर्षांतच मोडले, माप मात्र उरले आणि जगभरच्या सगळ्या नाण्यांना लागू झाले. हाच शेल्डन माणसांच्या शरीरांनाही अंक देत असे. जाड, पिळदार आणि सडपातळ या तीन अंगांना एक ते सात असे गुण. आणि याच गृहस्थाने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट आपल्या कमी प्रतीच्या सेंटांशी गुपचूप बदलून घेतले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. दर्जाचा अंक शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या संग्रहासाठी काय हवे होते, ते यावरून कळते.

पुढे एएनएसीएस या संस्थेने १९७९ पासून प्रतवारी सुरू केली, तेव्हा ती नाण्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळा दर्जा देत असे. ६५ एका बाजूला आणि ६३ दुसऱ्या बाजूला. तिचा भर प्रामुख्याने नाण्याच्या स्थितीवर होता : ओरखडे किती, झीज आहे की नाही. १९८६ मध्ये पीसीजीएस कामाला लागली आणि पुढच्याच वर्षी एनजीसी आली, आणि या दोघींनी बाजाराला हवे होते ते दिले : एकच अंक, स्लॅबमध्ये बंद, आणि त्यात साऱ्या गोष्टी मिळून. दोन ओरखडे जास्त असलेले पण रंगाने मोहून टाकणारे नाणे ६४ चे ६५ होऊ लागले, आणि निर्दोष पण मरगळलेले नाणे ६५ चे ६४. व्यापाऱ्यांना हे आवडले, कारण न पाहता, नुसत्या अंकावर, फोनवरून सौदे होऊ लागले. १९९० च्या सुमारास पीसीजीएसने हे काम संगणकाकडून करून घेण्याचाही प्रयत्न केला. तो टिकला नाही. ओरखडे मोजता येतात, पण तो रंग आवडतो की नाही हे कोणत्या खात्यात लिहायचे, हे यंत्राला सांगणे सोपे नव्हते.

माझी तक्रार इथून सुरू होते. आमच्या शाळेत गणिताचे एक गुरुजी असे होते की ज्याचे अक्षर सुंदर त्याला उत्तर चुकले तरी अर्धा गुण जास्त द्यायचे, आणि वर्षाच्या शेवटी सुवाच्य हस्ताक्षराचे बक्षीसही त्याच मुलाला. स्टारची आजची व्यवस्था मला नेमकी तशी वाटते. रंगामुळे नाण्याचा अंक आधीच एक पायरी चढलेला असतो, आणि त्या चढलेल्या अंकावर पुन्हा त्याच रंगासाठी स्टार लागतो. ग्राहक एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजतो आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून इतर कंपन्यांनी असे चिन्ह सुरू करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की सुरू करायला हरकत नाही, परंतु त्याआधी त्यांनी रंग अंकातून बाहेर काढावा. अंक नाण्याच्या स्थितीचा असावा, देखणेपणाचे मत त्याच्या बाजूला वेगळे असावे, आणि दोन्ही वाचून किती पैसे द्यायचे ते घेणाऱ्याने ठरवावे. ज्यांना एकाच अंकाची सवय झाली आहे त्यांना हे गैरसोयीचे वाटेल, याची मला कल्पना आहे.

हे अशक्य आहे असेही नाही. एनजीसीचाच प्राचीन नाण्यांचा विभाग बरोबर उलट पद्धतीने काम करतो. तिथे दर्जा अंकाऐवजी शब्दांत लिहितात, आणि त्याच्याखाली ठशाला पाचपैकी किती आणि पृष्ठभागाला पाचपैकी किती हे स्वतंत्र गुण छापतात. नाण्यावरची कलाकुसर विशेष उत्तम असेल तर तसे शब्द, आणि नजरेत भरणारे असेल तर स्टार. त्या चिठ्ठीवरून चोखंदळ माणसाला कळते की ठसा सुरेख पडला आहे, पण पृष्ठभाग खरवडलेला आहे, आणि तरीही कुणालातरी ते नाणे फार आवडले आहे. दोन हजार वर्षे मातीत राहिलेल्या नाण्याला जो प्रामाणिकपणा मिळतो, तो शंभर वर्षांच्या रुपयाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. बाजाराला ते नको आहे, एवढेच उत्तर मिळते.

आता दुसरी बाजू. स्टारचे नियम मी बारकाईने वाचले आहेत आणि ते मूर्खपणाचे नाहीत. नाण्याच्या चकतीत उघड दोष नको, नजरेला खुपणारे ठिपके नकोत. रंग एक असो वा अनेक, पण कुठेही काळ्याकडे झुकणारा गडद तपकिरी नको. ज्या प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्याची, एकच बाजू कॅमिओ आहे, म्हणजे आरशासारख्या पार्श्वभूमीवर पांढरट उठाव असलेली आहे, किंवा जे नाणे आरशासारख्या झळाळीच्या अगदी जवळ येऊन थांबले आहे, त्यालाही स्टार मिळू शकतो. याचा अर्थ त्या छोट्या चिन्हात निदान तीन वेगळ्या गोष्टी भरलेल्या आहेत, आणि चिठ्ठी त्यांतली कोणती हे सांगत नाही. तरीही दूरच्या गावात बसून फक्त पडद्यावर नाणी पाहणाऱ्या संग्राहकाला त्या चिन्हाचा आधार वाटतो, हे मला समजते. ज्याने वर्षानुवर्षे हजारो नाणी हाताळली आहेत अशा माणसाने ‘हे जरा थांबून पाहा’ म्हणणे, याला काही किंमत आहे. रत्नागिरीत किंवा लातूरला राहणाऱ्या मुलाला असा माणूस शेजारी मिळत नाही. मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्यात एखाद्या जुन्या व्यापाऱ्याच्या टेबलाशी तासन्‌तास उभे राहून जी नजर तयार होते, ती त्याला घरबसल्या कशी मिळणार?

पण ‘पाहा’ म्हणणाऱ्याचे पैसे कोण देतो, हेही विसरता येत नाही. प्रतवारीचे शुल्क नाणे पाठवणारा देतो, आणि नाणे जितके किमती तितकी शुल्काची पायरी वर जाते. म्हणून चिन्हे सगळी कौतुकाचीच असतात. कुरूप नाण्याला उलटा स्टार देणारी कंपनी मी पाहिलेली नाही. ६५ चा अंक असूनही पाहवत नाही अशा नाण्यावर तसे छापले, तर ग्राहकाचे सर्वांत जास्त भले होईल, पण ते नाणे पुन्हा त्या कंपनीकडे कुणी पाठवणार नाही. शिवाय चिन्हाला भाव आला की त्या भावासाठी रंग बनवणारेही येतातच. गंधकाची संयुगे, भट्टीची ऊब, पाकिटात बांधून उन्हात ठेवणे, उकडलेल्या अंड्याच्या वाफा. या विद्येला अंत नाही. कंपन्या असे रंग ओळखतात आणि ‘संशयास्पद रंग’ म्हणून अंक नाकारतात, परंतु खऱ्या आणि बनवलेल्या रंगाचे रसायन एकच असते, फरक फक्त काळाचा असतो, आणि काळ भिंगातून दिसत नाही. तज्ज्ञ शेवटी एवढेच ठरवतात की हा रंग बाजारात स्वीकारला जाईल की नाही. त्या निर्णयावर स्टार छापणे म्हणजे अंदाजावर शिक्का मारणे होय.

आणि धातू थांबत नाही. स्लॅब हवाबंद नसतो. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेली चांदी किती लवकर पिवळी पडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगायला नको. तांब्याचे तर विचारूच नका. लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी अशा तीन पायऱ्या चिठ्ठीवर छापतात खऱ्या, पण लाल म्हणून बंद केलेले नाणे पुढे तपकिरी झाले तर त्याची हमी पीसीजीएसने कधीच काढून घेतली आहे. मोरपिशी निळा आज स्टारला पात्र असेल. थर आणखी थोडा वाढला की तोच निळा काळवंडतो, आणि चिठ्ठीवरचा स्टार मात्र तसाच राहतो. निदान चिन्हाशेजारी ते दिल्याचे साल छापावे, एवढी सोपी मागणीही मी कुणी केलेली ऐकली नाही.

एवढे सगळे बोलूनही लिलावाची यादी उघडली की माझी नजर आधी स्टारवरच जाते. हे दुटप्पी आहे की स्वाभाविक, याचा मी फार विचार करत नाही. त्यातली निम्मी नाणी मला आवडत नाहीत, फार भडक वाटतात. काहींपुढे मात्र हात थांबतो. आणि ज्या रुपयावर माझा जीव आहे, तो मुंबई टाकसाळीचा आहे, वर्तमानपत्राच्या कागदात अनेक दशके गुंडाळलेला सापडला होता, आणि राजाच्या मुकुटामागे त्याचा रंग गडद तपकिरीकडून काळ्याकडे वळलेला आहे. नियमाप्रमाणे त्याला स्टार कधीच मिळणार नाही. तसे झाले ते बरेच, नाही तर तो रुपया मला परवडलाच नसता.